स्वप्न पाहण्यासाठी मागवलेलं चित्र

१८८० च्या एप्रिल महिन्यात मारी बेर्ना नावाची एक जर्मन स्त्री फ्लोरेन्समध्ये आर्नोल्ड ब्योक्लिन या स्विस चित्रकाराच्या स्टुडिओत आली. तिचा नवरा गेओर्ग १८६५ मध्ये घटसर्पाने गेला होता. स्टुडिओत ईझलवर एक अर्धवट चित्र होतं, पुढे 'मृतांचं बेट' या नावाने प्रसिद्ध झालेलं. समुद्रात एक खडकाळ बेट, बेटाच्या मधोमध सरूच्या झाडांची काळी दाटी, पुढ्यात निश्चल पाणी. ते चित्र आलेक्झांडर ग्युंथर या ब्योक्लिनच्या आश्रयदात्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मारीला तसंच, पण लहान आकाराचं चित्र हवं होतं, नवऱ्याच्या आठवणीसाठी. तिची मागणी एवढीच होती की ज्याच्यासमोर बसून स्वप्न पाहता येईल असं चित्र द्या. तिच्याच सांगण्यावरून ब्योक्लिनने त्यात दोन गोष्टी घातल्या. होडीत आडवी ठेवलेली शवपेटी, आणि तिच्याजवळ उभी असलेली, नखशिखांत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली आकृती.

मारीचं चित्र झाल्यावर ब्योक्लिन ग्युंथरच्या चित्राकडे परत गेला आणि त्याच दोन गोष्टी त्याने तिथेही रंगवल्या. या चित्राविषयी जे काही म्हणायचं आहे त्याचं मूळ मला इथेच दिसतं. पेटी आणि ती पांढरी आकृती येण्याआधी ते एक भारदस्त, उदास निसर्गचित्र होतं. अशी निसर्गचित्रं ब्योक्लिनने आधीही काढली होती आणि त्या काळात इतरही अनेकजण काढत होते. एका विधवेच्या मागणीने त्या निसर्गात एक घटना आली. कुणीतरी कुणालातरी पोचवायला निघालं आहे. पाहणाऱ्याला ना मेलेला दिसतो, ना पोचवणाऱ्याचा चेहरा, आणि म्हणून ती जागा कुणाचीही होऊ शकते. पुढची साठ-सत्तर वर्षं युरोपभर ती तशी झाली.

चित्र पोचतं केलं त्या सुमारास ब्योक्लिनने मारीला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा: या अंधाऱ्या सावल्यांच्या जगात तुम्ही स्वप्न पाहत आत शिरू शकाल, समुद्रावर सुरकुती उठवणारी हलकी, कोमट झुळूक आपल्याला लागते आहे असं तुम्हाला वाटू लागेल, आणि मग मोठ्याने बोलून ती शांतता मोडायची तुम्हाला भीती वाटेल. चित्रकाराने स्वतःच्या चित्राविषयी इतकं नेमकं सहसा लिहिलेलं नसतं. झुळूक कशी असावी, ती कोमट असावी, पाण्यावर तिची खूण किती असावी, हे सगळं त्याने ठरवलेलं होतं. चित्रातली शांतता त्याने रचून, मापून आणली आहे. ती कशी आणली हे समजून घेतल्याने स्वप्न विरतं असं मला मुळीच वाटत नाही. उलट, ती रचना कळली की त्या माणसाविषयीचा आदर दुणावतो.

स्वप्न म्हटलं की बहुतेक चित्रकार धुकं काढतात. कडा पुसतात, रंग एकमेकांत वितळवतात. ब्योक्लिनने नेमकं उलट केलं. इथे खडकाच्या कडा स्पष्ट आहेत. खडकात कोरलेल्या थडग्यांच्या दारांच्या चौकटी दिसतात. बेटाच्या पुढच्या बाजूला पाण्यालगत दगडी बांध आहे, त्यात आत शिरायची वाट आहे, आणि दगड कुणीतरी घडवलेले आहेत हे कळतं. एकेक भाग सुटा पाहिला तर भूमध्य समुद्राच्या काठी कुठेही सापडेल असा. सगळे मिळून जे होतं ते मात्र कुठेच सापडणार नाही. उंच खडकांनी दोन्ही बाजूंनी कवेत घेतलेली जागा, जिला पुढून एकच तोंड आहे आणि ते आपल्याकडे आहे. आतला उघड्यावरचा भाग सगळा सरूंनी भरलेला. घर नाही, धूर नाही, पक्षी नाही, मागे दुसरी जमीन नाही. हे सरू कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूहून वेगळे. इटलीत आणि ग्रीसमध्ये कबरस्तानात लावतात तो हा उंच, सडपातळ, गडद सायप्रस.

उजेडाचं गणित तर फारच विचारपूर्वक केलेलं आहे. बेटामागचं आकाश जड आहे, पण खडक उजळलेले आहेत, आणि पांढऱ्या आकृतीची पाठही उजळ आहे. आकृती बेटाकडे तोंड करून उभी आहे, आपल्याला तिची पाठ दिसते. पाठीवर उजेड पडायचा तर तो आपल्या बाजूनेच यायला हवा. म्हणजे मावळतीचं जे काही शेवटचं ऊन आहे ते पाहणाऱ्याच्या मागे आहे. आपण उजेडाच्या बाजूला आहोत, होडी उजेडातून अंधाराकडे चालली आहे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण डोळ्याला ते कळतं. क्षितिजही त्याने बरंच खाली ठेवलं आहे. नजर पाण्यापासून फार उंच नाही. कड्यावरून खाली पाहणाऱ्याची ही नजर नव्हे. आपण दुसऱ्या एका होडीत, थोडं मागे आहोत असं वाटण्याचं कारण ते आहे.

आणि मग उभ्या-आडव्या रेषा. सरू उभे, खडकांच्या भिंती उभ्या, थडग्यांची दारं उभी. क्षितिज आडवं, बांध आडवा, होडी आडवी, पेटी आडवी. तिरकी, धावती रेषा जवळजवळ नाहीच. चित्रात हालचाल आणायची तर चित्रकार कर्ण वापरतो. ब्योक्लिनने तो नाकारला. होडी पुढे सरकते आहे, पण तिला वेग नाही. पांढरी आकृती पुन्हा एकदा नीट पाहावी. बारीक, ताठ, वर निमुळती. तिचा आकार मागच्या सरूचाच आहे, फक्त रंग उलटा. जिवंत माणसाला त्याने बेटावरच्या झाडांच्या ओळीत आधीच उभं करून ठेवलं आहे. या एका निर्णयासाठी मी ब्योक्लिनला फार मोठा चित्रकार मानतो.

ज्यांना हात चालवून हे समजून घ्यायचं आहे त्यांनी, ब्योक्लिनने हे चित्र पाच वेळा काढलं त्यांतल्या तिसऱ्या, बर्लिनमधल्या आवृत्तीची अर्ध्या मापाची नक्कल करून पाहावी. मूळ साधारण ८० × १५० सेंमी आहे, म्हणजे आपला फलक ४० × ७५ सेंमीचा. कॅनव्हासपेक्षा गुळगुळीत घासलेली फळी घ्यावी, कारण कॅनव्हासचं विणकाम आडव्या उजेडात चमकतं आणि सपाट पाण्याचा सगळा परिणाम तिथेच बिघडतो. पांढऱ्या अस्तरावर उंबर (umber, तपकिरी मातीचा रंग) पातळ फिरवून एक मध्यम, ऊबदार तपकिरी पाया करावा. उंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो तेलातही लवकर वाळतो. काळा, विशेषतः आयव्हरी ब्लॅक, फार सावकाश वाळतो. तो खालच्या थरात जाड लावून वर लवकर वाळणारा रंग चढवला तर वरचा थर आधी आक्रसतो आणि भेगा पडतात. सरूंसाठी ट्यूबमधला काळा वापरण्याचा मोह इथेच नडतो. वाळण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो काळा चित्रात भोक पाडल्यासारखा दिसतो. गडद निळा, जळका उंबर आणि किंचित हिरवा यांचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवले की अंधाराला खोली येते. दोन थरांमध्ये मात्र खालचा बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावं लागतं, आणि वरच्या थरात तेलाचं प्रमाण खालच्यापेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं.

नक्कल करणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. सरूंचे शेंडे एका उंचीचे काढले की बेटावर कुंपण उभं राहतं. शेंडे खालीवर, गुच्छात आणि मधे आकाशाच्या बारीक फटी हव्यात. बेट अगदी बरोबर मध्यावर, दोन्ही बाजू सारख्या काढल्या की चित्र शिक्क्यासारखं मरतं. ब्योक्लिनच्या बेटात तोल आहे, पण डावा खडक उजव्याची नक्कल नाही. पाण्यातलं प्रतिबिंब आरशासारखं रेखीव काढलं तर पाहणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. ते खाली येता येता विरायला हवं, कारण पत्रातली ती झुळूक पाण्यावर आहे. सगळ्यात मोठी चूक पांढऱ्या आकृतीची. आज मिळणारा टायटॅनियम व्हाइट थंड आणि फार झाकणारा आहे, आणि तो १९२० च्या आसपास बाजारात आला. ब्योक्लिनच्या काळातला पांढरा शिशाचा, जरा ऊबदार. टायटॅनियममध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ऑकर मिसळला की आकृती संध्याकाळच्या उजेडात येते, नाहीतर ती चित्रावर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते. ती सगळ्यात शेवटी काढावी. तोवर चित्रातली सर्वात उजळ जागा कुठलीच नसते आणि बाकीच्या छटा नीट जुळवता येतात. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी.

ब्योक्लिन स्वतः रंगांच्या बाबतीत आयुष्यभर प्रयोग करत राहिला. पॉम्पेईच्या भित्तिचित्रांनी त्याला झपाटलं होतं. इतक्या शतकांनंतर तो रंग असा ताजा कसा, या प्रश्नापायी त्याने अंडं, डिंक, राळ, मेण अशा नाना बंधकांत रंग खलून पाहिले. पुढे चेरीच्या झाडाचा डिंक घातलेला टेंपेरा (पाण्यात कालवायचा रंग) तो वापरू लागला. त्याचे शिष्य आणि स्नेही हे सगळं टिपून ठेवत. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदली आहे. तो निसर्गासमोर बसून चित्र काढत नसे आणि स्टुडिओत मॉडेल उभं करत नसे. पाहायचं, मनात साठवायचं, आणि मग आठवणीतून रंगवायचं. या चित्राचं स्वप्नपण त्या सवयीत आहे. समोर बसून काढलेल्या बेटावर अनावश्यक गोष्टी शिरतातच, एखादं झुडूप, एखादा सुटलेला दगड, मासेमाराचं जाळं. आठवणीने ते आधीच गाळून टाकलेलं असतं.

हे बेट कुठलं, हा शोध लोक अजून करतात. कॉर्फूजवळचं पोंतिकोनिसी हे सरूंमध्ये छोटं चर्च असलेलं बेट पुढे केलं जातं. नेपल्सच्या उपसागरातल्या इस्कियाच्या किल्ल्याचं नाव घेतलं जातं. माँटेनेग्रोच्या कोतोर खाडीतल्या एका बेटाचंही. हे सगळे दावे मला दुय्यम वाटतात, कारण याहून जवळचा पुरावा फ्लोरेन्समध्येच आहे. ब्योक्लिनच्या स्टुडिओपासून थोड्या अंतरावर एक कबरस्तान होतं, आजही आहे. त्याला इंग्लिश सेमेट्री म्हणतात, पण ते स्विस प्रोटेस्टंट चर्चच्या मालकीचं. १८२७ मध्ये ते स्थापन झालं, शहराच्या तटबंदीबाहेर, कारण कॅथलिक फ्लोरेन्समध्ये प्रोटेस्टंट मृतांना आत जागा नव्हती. १८६५ ते १८७१ फ्लोरेन्स इटलीची राजधानी होतं. त्या काळात ज्युसेप्पे पोज्जी या वास्तुरचनाकाराने जुने तट पाडून रुंद रस्ते काढले आणि या कबरस्तानाला लंबगोल आकार आला. भोवती रस्ता, मध्ये उंचवटा, त्यावर संगमरवरी थडगी आणि सरू. म्हणजे रस्त्यांच्या प्रवाहात एक बेटच. १८७७ मध्ये तिथे दफन थांबवण्यात आलं. त्याआधी पुरलेल्यांत ब्योक्लिनची तान्ही मुलगी मारिया होती.

त्याच्या चौदा मुलांपैकी आठ त्याच्या हयातीत गेली. हा आकडा वाचून मी नेहमी थांबतो. १९ व्या शतकात मुलं जाण्याचं प्रमाण मोठं होतं हे खरं, पण चौदातली आठ त्या काळातही फार होती. १८७२ मध्ये म्युनिकमध्ये त्याने स्वतःचं एक चित्र काढलं. हातात ब्रश आणि रंगपाटी, आणि खांद्यामागे अगदी कानाशी टेकून सारंगीसारखं व्हायोलिन वाजवणारा सांगाडा. चित्रकार काम थांबवून ऐकतो आहे. घाबरलेला नाही. ते चित्र आणि बेटाचं चित्र यांच्यात आठ वर्षं आहेत. पहिल्यात मृत्यू माणसाच्या रूपात हजर आहे. दुसऱ्यात त्याला रूपाची गरज उरलेली नाही. सांगाडा, कोयता, वाळूचं घड्याळ, देवदूत, क्रॉस यांपैकी काहीही बेटावर नाही. युरोपात मृत्यूची चित्रं शतकानुशतकं ज्या खुणांवर उभी होती त्या सगळ्या काढून टाकून केवळ जागेतून ते सांगणं, ही १८८० मधली फार धाडसाची गोष्ट होती. कवी झाँ मोरेआसने पॅरिसमध्ये प्रतीकवादाचा, म्हणजे गोष्ट थेट न सांगता सुचवण्याचा, जाहीरनामा छापला तो १८८६ मध्ये. ब्योक्लिन कुठल्या गटात नव्हता, कॅफेतल्या चर्चांमध्ये नव्हता. तो ५२ वर्षांचा, सांध्यांच्या दुखण्याने आणि उदासीने त्रासलेला, कायम पैशांच्या ओढाताणीत असलेला कुटुंबवत्सल माणूस होता.

१८२७ मध्ये बाझलला जन्म, ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत निसर्गचित्राचं शिक्षण, मग रोम. १८५३ मध्ये रोममध्येच आंजेला पास्कुच्ची या इटालियन मुलीशी लग्न. पुढे म्युनिक, वायमार, पुन्हा रोम, बाझल, पुन्हा म्युनिक, फ्लोरेन्स, झुरिक आणि शेवटी फ्लोरेन्सवरच्या टेकडीवर सान दोमेनिको, जिथे १९०१ च्या जानेवारीत तो गेला. उत्तरेकडचं शिक्षण आणि दक्षिणेकडचा उजेड, यांच्यात तो आयुष्यभर ये-जा करत राहिला. बेटाच्या चित्रात दोन्ही आहे. खडक आणि सरू इटलीचे, तो गंभीरपणा जर्मन निसर्गचित्रांचा.

या चित्राच्या एकूण पाच आवृत्त्या त्याने केल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहण्यात खरा अभ्यास आहे. पहिली, ग्युंथरची, कॅनव्हासवर तेलरंगात, सुमारे १११ × १५६ सेंमी. ती आता बाझलच्या कलासंग्रहालयात आहे. दुसरी मारी बेर्नाची, लाकडी फळीवर, सुमारे ७४ × १२२ सेंमी. ती १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने घेतली. तिसरी १८८३ ची, बर्लिनच्या आल्ट नॅशनल गॅलरीतली. चौथी १८८४ ची, तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेली; दुसऱ्या महायुद्धात ती जळाली आणि आता तिचा फक्त कृष्णधवल फोटो उरला आहे. पाचवी १८८६ ची, लाइपझिगच्या संग्रहालयाने मागवलेली, आजही तिथेच. मापांकडे जरा लक्ष द्यावं. रुंदीला उंचीने भागलं तर पहिल्या चित्रात १.४१ येतं, दुसऱ्यात १.६५, तिसऱ्यात १.८८, पाचव्यात १.८६. दुसऱ्याच चित्रापासून चौकट आडवी पसरत गेली आहे. बाझलच्या चित्रात बेट चौकट भरून टाकतं, अंगावर येतं. बर्लिनच्या चित्रात दोन्ही बाजूंना रिकामं पाणी आणि आकाश जास्त आहे, बेट एकटं पडलं आहे. एकच विषय पुन्हा काढताना ब्योक्लिनने बेटापेक्षा बेटाभोवतीच्या रिकामपणावर अधिक काम केलं, असं मी या आकड्यांवरून म्हणेन.

रंगही बदलले. पहिल्या दोन चित्रांत वातावरण रात्रीच्या तोंडावर आलेलं, सगळं तपकिरी-हिरव्या अंधारात बुडालेलं. तिसऱ्यात आकाश उजळलं, खडकांचे थर आणि दारं स्पष्ट झाली. याच आवृत्तीपासून उजवीकडच्या खडकातल्या एका थडग्याच्या दारावर दोन अक्षरं आली, आ. आणि ब्यो., त्याच्या नावाची आद्याक्षरं. सही करायची जागा त्याने अशी निवडली. पाचव्यात कडा आणखी ठाशीव आहेत. जाणकारांत बर्लिनची आवृत्ती सर्वांत लाडकी आहे आणि छापली जाते तीही बहुधा तीच. रचनेत ती सर्वांत निर्दोष आहे हे मान्य. पण मला मारी बेर्नाची लहान फळी अधिक जवळची वाटते. तिथे उजेड पुरेसा नाही, डोळे ताणून पाहावं लागतं, आणि जिच्यासाठी हे चित्र झालं तिच्या घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात ते कसं दिसलं असेल ते त्या अंधारावरून कळतं.

बेटाला 'मृतांचं बेट' हे नाव ब्योक्लिनने दिलेलं नाही. १८८३ मध्ये बर्लिनचा कलाविक्रेता फ्रिट्झ गुर्लिट याने ते दिलं. गुर्लिट धंद्यात हुशार होता. १८९० मध्ये त्याने माक्स क्लिंगरकडून तिसऱ्या आवृत्तीचं एचिंग करून घेतलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं मुद्राचित्र, आणि तिथून चित्र घराघरांत गेलं. क्लिंगर स्वतः मोठा चित्रकार होता. रंग काढून घेतल्यावरही चित्र उभं राहतं हे त्याच्या एचिंगने सिद्ध केलं. याची खात्री आज फोनवर अर्ध्या मिनिटात होते. बर्लिनच्या आवृत्तीचा फोटो कृष्णधवल करावा. सरू सगळ्यात काळे, मग पाणी, मग आकाश, मग खडक, आणि सगळ्यात उजळ ती आकृती. पायऱ्या अगदी वेगळ्या दिसतात. मग बोटाने आकृती झाकावी. चित्र त्या क्षणी पर्यटनाच्या पोस्टकार्डाइतकं सामान्य होतं. बोट काढलं की पुन्हा श्वास अडखळतो.

रंगांशिवाय हे चित्र पाहून जो झपाटला तो माणूस म्हणजे रशियन संगीतकार सर्गेई रख्मानिनॉव्ह. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली. तेव्हा तो ड्रेस्डेनमध्ये राहत होता. १९०९ मध्ये मॉस्कोत त्याच नावाची त्याची वाद्यवृंदरचना पहिल्यांदा वाजली. सुमारे वीस मिनिटांची ही रचना बहुतांश पाच मात्रांच्या चालीत आहे. त्या पाच मात्रा कधी दोन आणि तीन अशा पडतात, कधी तीन आणि दोन. चार किंवा सहा मात्रांत पाय स्थिरावतो. पाचांत तो कायम अर्धा पाऊल पुढे किंवा मागे राहतो. वल्हं पाण्यात जातं, ओढलं जातं, बाहेर येतं, आणि पुढचा फटका नेमका कधी येणार ते कळत नाही. आपल्याकडे झपताल ऐकणाऱ्या कानाला दोन-तीन-दोन-तीनची ही ओढ चटकन ओळखू येईल, फक्त इथे लय फार संथ आहे आणि सम अशी ठामपणे कुठे येत नाही. मधेमधे 'दिएस ईरे' या मध्ययुगीन लॅटिन शोकस्तोत्राची धून डोकावते. पुढे मूळ रंगीत चित्र पाहिल्यावर रख्मानिनॉव्ह म्हणाला होता की आधी हे पाहिलं असतं तर बहुधा मी ही रचना लिहिली नसती. आपल्याला ते कृष्णधवलच आवडतं, असंही तो म्हणाला. अनेकांना हे ब्योक्लिनच्या विरोधातलं मत वाटतं. मला ती त्याच्या छटाज्ञानाला मिळालेली मोठी दाद वाटते. १९१३ मध्ये माक्स रेगर या जर्मन संगीतकारानेही ब्योक्लिनच्या चार चित्रांवर चार रचना केल्या, त्यातली तिसरी याच बेटावर आहे.

प्रसिद्धीची दुसरी बाजूही आली. १९०५ मध्ये युलिउस मायर-ग्रेफे या समीक्षकाने ब्योक्लिनवर अख्खं पुस्तक लिहून टीका केली: ही चित्रकला नव्हे, नाटकी विचार आहेत, खरी वाट फ्रेंच इंप्रेशनिस्टांची. त्यानंतर जर्मनीतल्या जाणत्या वर्तुळांत ब्योक्लिन आवडणं मागासलेपणाचं ठरू लागलं. १९३० च्या दशकात तिसरी आवृत्ती हिटलरने विकत घेतली आणि पुढे ती बर्लिनमध्ये त्याच्या चॅन्सेलरीत टांगलेली होती. हे नाकारता येत नाही आणि नाकारू नये. पण ज्या रिकाम्या जागेत एका विधवेला आपला नवरा दिसला, तीच जागा दुसऱ्या कुणाच्याही मनातल्या अंधारालाही मोकळी होती. चित्राने कुणाला आत घ्यायचं हे चित्राला ठरवता येत नाही.

चित्रकारांनी मात्र त्याला सोडलं नाही. जॉर्जो दे किरीको तरुणपणी म्युनिकमध्ये शिकत असताना ब्योक्लिनच्या चित्रांत बुडाला होता. त्याच्या रिकाम्या चौकांत, लांब सावल्यांत आणि पाठमोऱ्या आकृत्यांत तो ठसा सरळ दिसतो; १९१० मधल्या एका चित्रात तर त्याने ब्योक्लिनने रंगवलेल्या ग्रीक वीर ओडिसियसची पाठमोरी आकृतीच आणली आहे. तिथून ती वाट अतिवास्तववाद्यांकडे गेली, आणि १९३२ मध्ये साल्वादोर दालीने याच बेटाचं नाव आपल्या चित्राच्या शीर्षकात घेतलं.

१८८८ मध्ये ब्योक्लिनने एक जोडचित्र काढलं, 'जीवनाचं बेट'. हिरवळ, ताडाचं झाड, हंस, पाण्यात खेळणारी आणि काठावर नाचणारी माणसं. हेतू प्रामाणिक आहे, रंग सुरेख आहेत, पण चित्र लक्षात राहत नाही. तिथे सगळं सांगून टाकलेलं आहे. कोण आनंदात आहे, का आहे, कशाने आहे, सारं दिसतं, आणि पाहणाऱ्याला करायला काही उरत नाही. ते बाझलच्या त्याच संग्रहालयात आहे जिथे पहिलं बेट आहे. तिथे जाणाऱ्याने दोन्ही एकाच फेरीत पाहावीत, आधी १८८८ चं. मोठ्या बेटासमोर गेल्यावर काचेत स्वतःचं प्रतिबिंब किंवा गडद थरांवर छताच्या दिव्यांची चमक दिसत असेल तर एक-दोन पावलं बाजूला सरकून जागा शोधावी. या चित्रातले अर्धे सरू चुकीच्या जागेवरून दिसतच नाहीत. जाण्याआधी संग्रहालयाला विचारून घ्यावं, कारण अशी चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात. बर्लिन आणि लाइपझिग ही शहरं रेल्वेने इतकी जवळ आहेत की तिसरी आणि पाचवी आवृत्ती एकाच दिवशी पाहता येते. तशी पाहिली तर आकाशातला फरक आठवणीवर विसंबून न राहता डोळ्यांनी मोजता येतो.